कोरडे हवामान, जोराचे वारे

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात पर्वतपायथा व लगतच्या मैदानी पट्ट्यासाठी ‘कोरडे हवामान, जोराचे वारे’ हा अंदाज निरुपद्रवी मानण्याचे दिवस सरले आहेत. रॉकी पर्वत ओलांडून खाली उतरणारी हवा तापते आणि अधिकच शुष्क होते. ३० डिसेंबर २०२१ रोजी बोल्डर परगण्यात ताशी सुमारे १६० किलोमीटरच्या झोतांनी गवताची आग थेट वसाहतींत शिरली. काही तासांत हजाराहून अधिक घरे भस्मसात झाली. जंगल नव्हे, उपनगर जळाले, तेही ऐन थंडीत! त्या दिवशी सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा होता. वणव्याचा स्वतंत्र इशारा मात्र नव्हता. वसंतातील पावसाने माजलेले गवत पुढे महिनोन्‌महिने वाळत होते, याची दखल अपुरीच ठरली. एप्रिल २०२४ मध्ये वीज कंपनीने खबरदारी म्हणून वाऱ्याआधीच पुरवठा तोडला, तेव्हा नागरिकांचा रोष पूर्वसूचना तोकडी असल्याबद्दल होता.