कोबा फोडण्याआधी

पावसाळा सरला, की गच्ची दुरुस्त करणाऱ्यांच्या फेऱ्या सुरू होतात. छताला ओल दिसली, की यांचं उत्तर ठरलेलं, "ताई, वरचा कोबा फोडून नवा टाकावा लागेल." घरातली पुरुषमंडळी दर विचारतात, घासाघीस करतात. पण कोबाच का फोडायचा, हे कुणी विचारत नाही. मैत्रिणींनो, ते आपण विचारायला हवं.

आमच्या शेजारच्या काकूंनी विचारलं. त्यांच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भर मे महिन्यातही ओल होती. मे महिन्यात कुठला आलाय पाऊस? त्यांनी वेगळी फी देऊन एका सिव्हिल इंजिनिअरला बोलावलं. गळत होता टाकीकडून येणारा, भिंतीतला पाइप. कोबा शाबूत होता! काकांच्या ग्रॅच्युइटीचे पैसे वाचले.

ओल अनेक वाटांनी येते. कठड्याच्या कडेची भेग, पावसाचं पाणी तुंबवणारा पाइप, गळकी टाकी. प्रत्येकाचा इलाज निराळा. स्लॅबच्या सळयाच गंजल्या असतील, तर त्या फुगून प्लास्टर सुटतं. तिथे नुसता कोबा काय करणार? उलट घणाच्या घावांनी कमकुवत स्लॅब आणखी खिळखिळा होतो. काहीजण जुन्यावरच नवा थर चढवतात. चार इंची विटांच्या कोब्याचं वजन चौरस फुटाला साधारण १८ ते २० किलो, म्हणजे ५०० चौरस फुटांच्या गच्चीवर नऊ-दहा टनांचा बोजा!

माझं स्पष्ट मत आहे, ज्याला काम मिळणार त्याने निदान करू नये. ठेकेदाराशी लागेबांधे नसलेला इंजिनिअर बघावा आणि त्याच्याकडून फोटोंसह लेखी अहवाल घ्यावा. गच्चीवर पाणी साठवून गळती बघायची चाचणीही त्याच्या सल्ल्यानेच करावी, कारण पाण्यालाही वजन असतं.

गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी तपासणी सांगितली आहे. आपल्या स्वतंत्र घराची आठवण करून द्यायला मात्र कुणी येत नाही.

दिवसभर घरात वावरतो आपण. ओल कुठे, कधी, पावसात की नळाला पाणी आल्यावर वाढते, हे आपल्यालाच ठाऊक. गॅसच्या तारखेशेजारी तेही कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि इंजिनिअर आला की त्याला आधी ते दाखवा.