आधी खोली, मग माईक

घरच्या खोलीत रॅप रेकॉर्ड करणाऱ्या मुलाला पहिला सल्ला मिळतो तो माईक बदलण्याचा. नगर असो, संगमनेर असो की श्रीरामपूर, हातात दहा-पंधरा हजार जमले की ते कंडेन्सर माईकवर जातात आणि गाणं तरीही विहिरीतून म्हटल्यासारखं ऐकू येतं. पैसे चुकीच्या जागी पडतात, असं माझं स्पष्ट मत आहे. मराठी रॅपची सगळी भिस्त शब्दावर आहे, आणि घरच्या रेकॉर्डिंगमध्ये शब्द बिघडतो तो माईकमुळे कमी, खोलीमुळे आणि मिक्सिंगमुळे जास्त. त्या शब्दाला वजन किती, ते २०२३ मध्ये दिसलं. राजकीय टीका करणाऱ्या मराठी रॅपवरून दोन तरुणांवर गुन्हे दाखल झाले, ते त्यांच्या ओळींवरून. बीटबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

आपल्याकडची खोली बहुधा दहा बाय दहाची. वर स्लॅब, खाली फरशी, चारही भिंतींना गुळगुळीत प्लास्टर. अशा खोलीत टाळी वाजवली की तिच्यामागे बारीक फडफड ऐकू येते, कारण आवाज समोरासमोरच्या भिंतींवर आपटत राहतो. साध्या बोलण्यात ते खटकत नाही. रॅपमध्ये मात्र सेकंदाला सहा-सात अक्षरं सहज जातात आणि आधीच्या अक्षराचा पडसाद पुढच्यावर बसतो. त्यात बीटच्या वर टिकावा म्हणून रॅपच्या आवाजाला कॉम्प्रेशन जोरात लावलं जातं. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो, मग सगळीच पातळी वर उचलली जाते. दोन शब्दांमधल्या फटीत दडलेला पंखा, इन्व्हर्टरची गुणगुण, गाणी वाजवत कारखान्याकडे निघालेला उसाचा ट्रॅक्टर, सगळं पुढे येतं. शब्दात मुरलेली खोली नंतर नीट काढता येत नाही, आणि दूरवर धरलेला संवेदनशील कंडेन्सर तीच खोली बारकाईने टिपतो. म्हणून साधा डायनॅमिक माईक, तोंडापासून वीतभर अंतर, पंखा बंद, एवढी सुरुवात पुरेशी आहे. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवण्याची पद्धत आहे, पण त्या पातळ पुठ्ठ्यात फारसं काही शोषलं जात नाही. त्यापेक्षा जाड गोधड्या किंवा कापसाची गादी म्हणणाऱ्याच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना, भिंतीपासून चार बोटं सोडून टांगावी. माईकचं तोंड म्हणणाऱ्याकडे असतं, तेव्हा त्याच्या पाठीमागची भिंतच माईकला सगळ्यात जास्त ऐकू येते. गोधडीने खालचा घुमारा जात नाही, तेवढ्यासाठी कोपरा टाळावा.

मिक्सिंगलाही हाच न्याय. अनेकांकडे बीट येतो तो नेटवरून उतरवलेल्या एकाच फाईलमध्ये, त्यामुळे ड्रम, बेस, सूर वेगळे धरता येत नाहीत. मग आवाज चढवत नेण्यापेक्षा बीटमध्येच त्याला जागा करून द्यावी. व्यंजनांची ओळख मोठ्या प्रमाणात दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते. शब्द चालू असताना तेवढाच पट्टा बीटमधून दोन-तीन डेसिबल खाली घेतला की ओळ सुटी होते. तयार प्रीसेटवर मात्र विसंबू नये, तो दुसऱ्या कुणाच्या आवाजावर जुळवलेला असतो. मराठीत ख, फ, भ हवेचा झोत घेऊन येतात, म्हणून पॉप फिल्टर हवा आणि माईक किंचित तिरका. सकार मऊ करणारा डी-एसर जास्त ओढला तर स आणि श एकसारखे वाटू लागतात, 'चोर'मधला च बोथट होतो आणि नगरी बोलीचा ठसकाच जातो. संगमनेरच्या शाहीर अनंत फंदींचा (१७४४-१८१९) हा जिल्हा आहे, तेव्हा आवाजाच्या थरांसाठी दाखला शाहिरीचाच घेऊ. शाहिरीत शाहीर कडवं म्हणत असताना वाद्यं त्याच्या मागे राहतात आणि ओळीचं टोक झीलकरी उचलतात. रॅपमधल्या डबल्सचं, म्हणजे तीच ओळ पुन्हा म्हणून जोडलेल्या आवाजाचं, कामही ओळीच्या टोकाला, थोड्या खालच्या पातळीवर. सबंध कडव्याला डबल लावलं की दोन्ही आवाज एकमेकांचे शब्द खातात.

यावर म्हटलं जाईल की खरखरीतपणा हाच रॅपचा प्राण आहे. कुर्ल्याच्या रॅपर नेझीने २०१४ मध्ये 'आफत!' हे गाणं आयपॅडवर बनवलं, त्याचा दाखलाही दिला जातो. तो दाखला मला मान्यच आहे. महाग सामग्रीवाचून काम होतं, हे त्यातून सिद्ध होतं. गळ्यातली खरखर ठेवावीच, पण भिंतींची खरखर म्हणजे ती नव्हे. आवाज साफ करणाऱ्या एआयच्या सोयी पंख्याचा एकसुरी आवाज चांगला काढतात, पडसाद काढताना मात्र अक्षरांच्या शेपट्या कापतात. आणि शेवटी सगळं कर्कश मोठं करण्याचा अट्टहास व्यर्थ आहे. स्पॉटिफाय मूळ सेटिंगमध्ये गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) पातळीला आणूनच वाजवतो.

उरतो पुण्याचा प्रश्न. सव्वाशे किलोमीटरवर चांगले स्टुडिओ असताना घरी खटाटोप कशाला? एक तर तिथे तासाचं भाडं चालू असतं, आणि चौथ्या टेकनंतर मुलगा घड्याळाकडे बघू लागतो. रॅपचा श्वास कुठे घ्यायचा हे पुन्हा पुन्हा म्हणूनच सापडतं, तेवढी सवड घरीच मिळते. ज्यांच्या घरी शांत कोपराच नाही, त्यांच्यासाठी महाविद्यालयांनी पुढे यावं. नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' हा लघुपट नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयातल्या शिक्षणाचा प्रकल्प म्हणून तयार झाला आणि राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत पोचला. अभ्यासक्रमाचं बळ मिळालं तर या गावात काय होऊ शकतं, ते तेव्हाच दिसलं. जिल्ह्यातल्या ज्या महाविद्यालयांकडे ध्वनिमुद्रणाची खोली आहे, त्यांनी ती आठवड्यातल्या दोन संध्याकाळी बाहेरच्या मुलांना नाममात्र शुल्कात द्यावी, आणि सोबत कान तयार असलेला एक शिक्षक बसवावा.