बैलाचे इंजेक्शन आणि गिधाडाची किडनी

काही दिवसांपूर्वी कंबरदुखीचा एक जुना पेशंट दवाखान्यात आला होता. तपासून झाल्यावर उठता उठता म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मागच्या वेळी मला टोचलं होतं ते इंजेक्शन चिठ्ठीवर लिहून द्या की. बैल लंगडतोय, त्याला देतो." ते इंजेक्शन डायक्लोफेनॅकचे होते. मी नाही म्हटले. त्याला ते पटले नाही. "मला चाललं, मग बैलाला का नाही चालणार?"

प्रश्न रास्त होता. बैलाला ते चालते. चालत नाही ते गिधाडाला. आणि गिधाडाला चालले नाही, की त्याची किंमत शेवटी तुम्हाआम्हालाच मोजावी लागते.

प्रदूषण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कारखान्याचे धुराडे येते किंवा फेसाळलेला नाला. औषधाची कुपी कोणाला आठवत नाही. पण औषध हे शेवटी एक रसायनच आहे. ज्याच्यासाठी दिले त्याच्या शरीराबाहेर, भलत्याच जिवाच्या पोटात गेले, तर तेच औषध प्रदूषक ठरते.

गिधाडाच्या शरीरात काय होते?

शरीरातला नको असलेला नायट्रोजन आपण मुख्यतः युरियाच्या रूपात लघवीवाटे बाहेर टाकतो. पक्षी तो युरिक अ‍ॅसिडच्या रूपात टाकतात. पक्ष्याच्या विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे तेच. डायक्लोफेनॅकमुळे गिधाडाची किडनी निकामी होते आणि युरिक अ‍ॅसिड रक्तात साठत जाते. मग यकृतावर, हृदयाच्या आवरणावर त्याचा खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर चढतो. माणसाच्या पायाचा अंगठा सुजवणारा गाऊट तुम्हाला माहीत असेल. गिधाडात तोच प्रकार थेट आतल्या अवयवांवर होतो आणि पक्षी काही दिवसांत मरतो.

१९९० च्या दशकात हे औषध स्वस्त झाले आणि गुरांसाठी सर्रास वापरले जाऊ लागले. त्याच काळात गिधाडे दिसेनाशी झाली. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे सुमारे ९९.९ टक्क्यांनी घटली. सुरुवातीला संशय एखाद्या विषाणूवर होता. खरे कारण २००४ मध्ये पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून पुढे आले.

तुम्ही म्हणाल, अशी किती गुरे असणार? फार नाहीत. शंभरात एखाद्या मृत जनावरात जरी हे औषध असेल, तरी गिधाडांचा असा ऱ्हास होऊ शकतो, असे गणित शास्त्रज्ञांनी मांडले आहे. कारण एका जनावरावर गिधाडांचा अख्खा थवा जेवतो. शिवाय गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. मेलेल्यांची भर निघणार कशी?

आपला काय संबंध?

गिधाडांचा थवा मेलेले गुरू तासाभरात साफ करतो. त्यांच्या जठरातले आम्ल इतके तीव्र असते की बरेचसे रोगजंतू तिथेच मरतात. गिधाडे गेली, आणि गावाबाहेर टाकलेली जनावरे कुजत पडू लागली. त्यांवर भटकी कुत्री पोसली गेली. कुत्री वाढली की रेबीजचा धोका वाढतो, आणि कुजके मांस पाण्यात मिसळले की पोटाचे आजार. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये याचा हिशेब प्रसिद्ध केला. गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात वर्षाला सुमारे एक लाख माणसांचे जास्तीचे मृत्यू झाले, असा त्यांचा अंदाज आहे. मुंबईच्या पारशी समाजालाही दोखम्यांत गिधाडांऐवजी सौर उपकरणांचा आधार घ्यावा लागला.

बंदी आहे, मग अडचण काय?

गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारताने २००६ मध्ये बंदी घातली. मग माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोचू लागल्या. म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीची कुपी एका डोसपुरती, म्हणजे ३ मिलीची केली गेली. पुढे जनावरांमध्ये अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनवर २०२३ मध्ये बंदी आली. अ‍ॅसिक्लोफेनॅकचे तर गुराच्या शरीरात डायक्लोफेनॅकच होते. म्हणजे पाटी बदलली, दुकान तेच!

माझा आक्षेप नेमका इथे आहे. आपण आधी औषध बाजारात आणतो, मग पक्षी मरतात, मग बंदी घालतो. हा क्रम उलटा हवा. गुरांसाठीचे कोणतेही नवे वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित आहे हे सिद्ध झाल्यावरच त्याला परवानगी मिळायला हवी. माणसाचे औषध आपण आधी तपासतो, मग देतो. इथे वेगळा न्याय का?

आणि दोष एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारू नका. गुरांचा डॉक्टर दूर असतो, बैल आज लंगडत असतो. चिठ्ठीशिवाय इंजेक्शन विकणारा दुकानदार आणि न विचारता लिहून देणारे आम्ही डॉक्टर, दोघेही या साखळीत आहोत.

तुम्ही काय करू शकता?

- माणसाचे वेदनाशामक गुरांना देऊ नका. पशुवैद्यकाला मेलोक्सिकॅमबद्दल विचारा. ते गिधाडांसाठी सुरक्षित ठरले आहे.
- औषध दिलेले जनावर दोन-चार दिवसांत दगावले, तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरा.
- उरलेली औषधे नाल्यात किंवा संडासात टाकू नका.

हे वाचून स्वतःची गोळी मात्र बंद करू नका. डॉक्टरांनी तपासून दिलेले डायक्लोफेनॅक माणसासाठी उपयुक्तच आहे. किडनीचा त्रास असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, एवढेच.

त्या पेशंटच्या चिठ्ठीवर मी शेवटी 'मेलोक्सिकॅम' एवढेच नाव लिहिले आणि गुरांच्या डॉक्टरांना दाखवायला सांगितले. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. बैल चालायला लागला होता. मग तो म्हणाला, "लहानपणी आमच्या माळावर झाडं वाकायची गिधाडांनी. माझ्या पोरानं एकही बघितलं नाही."