सूचीत नाही, म्हणून नाही?

पीएच.डी. करणारी एक विद्यार्थिनी मध्यंतरी रडकुंडीला येऊन सांगत होती की, ग्रामीण कथेवरचे तिचे टिपण संगणकावरून नाहीसे झाले. शोधचौकटीत शब्द घातला, उत्तर कोरे आले. पाहिले तर टिपण जागच्या जागी होते. सूचीत मात्र ते नव्हते. असण्यातला आणि सापडण्यातला हा भेद आपण अभ्यासक पुरेशा गांभीर्याने घेत नाही, असे आम्हांला वाटते.

संगणक शोधताना प्रत्येक फाइल उघडून वाचत नाही. आधीच करून ठेवलेली शब्दसूची चाळतो. लिनक्सवरील केडीईमध्ये २०१४ पासून हे काम ‘बालू’ करतो. त्याचा कारभार पडद्याआड चालतो, पण कमांड लाइनवर त्याला जाब विचारता येतो. ‘बालूसीटीएल स्टेटस’ (प्लाझ्मा ६ मध्ये ‘बालूसीटीएल६’) ही आज्ञा किती फायली सूचीत आल्या आणि किती ताटकळत आहेत, ते सांगते. ‘चेक’ राहून गेलेल्या फायली नोंदवून घेते. ‘कॉन्फिग’ने कोणते फोल्डर वगळले आहेत ते कळते. सूचीच बिघडली असेल, तर ‘पर्ज’ ती पुसते. मूळ फायलींना धक्का लागत नाही. या विद्यार्थिनीचे फोल्डर वगळलेल्यांच्या यादीत होते. एका आज्ञेने ते तिथून काढले आणि टिपण सापडू लागले.

प्रश्न एवढ्यावर मिटत नाही. शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’च्या पहिल्या भागाला १८०० ते १९३७ ही कालमर्यादा आहे आणि ती उघड सांगितलेली आहे. त्यामुळे सूचीबाहेरचे कुठे शोधायचे, हे वाचकाला समजते. संगणकाची सूची आपली मर्यादा विचारल्याखेरीज सांगत नाही.

मराठीच्या बाबतीत तर काही मर्यादा विचारूनही कळत नाहीत. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेल्या लेखात पडद्यावर ‘क’ दिसतो, फाइलीत मात्र भलतेच चिन्ह साठवलेले असते. सूची ते चिन्ह इमानाने नोंदवते आणि आपला शब्द हुकतो. असे लेख युनिकोडमध्ये आणल्यावाचून इलाज नाही. शिवाय ‘पाणी’ शोधल्यास ‘पाण्यात’ हाती लागत नाही. सामान्यरूप बालूला ठाऊक नाही. ती जाण शोधणाऱ्यानेच ठेवायची.

हे तंत्रज्ञांचे काम, साहित्याच्या प्राध्यापकाचा यात काय संबंध, असे काही सहकारी म्हणतात. आम्हांला हे मान्य नाही. अमुक लेखकाच्या लेखनात अमुक शब्द येतच नाही, अशी विधाने आता संगणकीय शोधाच्या आधारे प्रबंधांत येऊ लागली आहेत. ज्या सूचीवर विधान उभे आहे तिच्यात काय आले आणि काय राहिले, हे तपासलेले नसेल, तर त्या विधानाला आधार उरत नाही. पाठचिकित्सेत आपण हस्तलिखिताची प्रत कुठून आली, तिची किती पाने गहाळ आहेत, हे विचारतो. तेच प्रश्न इथेही लागू आहेत.

म्हणून संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमात यासाठी निदान एक तासिका असावी. कोऱ्या उत्तरावरून ‘नाही’ असे लिहिण्याआधी सूचीची स्थिती पाहावी, शब्दाची रूपे पालटून पाहावीत आणि हे केल्याची नोंद प्रबंधात द्यावी. एवढी सवय लागली, तरी पुष्कळ चुकीचे निष्कर्ष टळतील.