तारांचा ठोकळा

आपल्या मंडळातली मुलं इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेली, की एक तक्रार हमखास येते : ड्रॉइंगमधली तुटक रेषा मागे आहे, हे डोळ्यांसमोरच येत नाही. काहींचा तिथेच धीर सुटतो.

अशांना मी ब्लेंडर हा फुकट प्रोग्राम उघडायला लावतो. प्रोग्राम अवाढव्य आहे; आपल्याला त्यातला सुरुवातीला दिसणारा ठोकळा तेवढा हवा. शिफ्ट आणि झेड दाबा. पृष्ठं जातात, 8 कोपरे आणि 12 कडा उरतात. कागद लावण्याआधीचा आकाशकंदीलच!

आता व्ह्यू मेनूतून पर्स्पेक्टिव्ह बंद करा आणि टक लावून बघा. पुढचा चौकोन अचानक मागे जातो. दोष तुमच्या डोळ्यांचा नाही. लुई नेकर या स्विस शास्त्रज्ञाने 1832 मध्येच हे नोंदवलं होतं. सपाट चित्रात कोपरा किती लांब आहे ही माहितीच नसते, मेंदू ती अंदाजाने भरतो. पर्स्पेक्टिव्ह चालू असताना प्रोग्राम कोपऱ्याची आडवी-उभी मापं त्या लांबीने भागतो, म्हणून दूरची कड आखूड दिसते आणि अंदाज सोपा होतो.

रंगीत, चकचकीत मॉडेलं मागाहून बघा. माऊसचं मधलं बटण दाबून ठोकळा तिरका फिरवा. 12 पैकी 3 कडा मागे असतील. त्या ओळखून वहीत तुटक काढा, मग पुन्हा शिफ्ट-झेड दाबून पृष्ठं आणा आणि ताळा करा.