पॅलडिनची शपथ आणि सूत्रधाराचा सापळा

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्यांमध्ये एक वाद फार जुना आहे. ऑर्कांची टोळी लढाईत मारली गेली. गुहेच्या आतल्या कोपऱ्यात त्यांची पोरे सापडली. सोबत पॅलडिन आहे, म्हणजे सद्धर्माची शपथ घेतलेला योद्धा. त्याने काय करावे? मारले तर बालहत्या. सोडले तर, ऑर्क जन्मतः दुष्ट असतात असे खेळातच ठरलेले असल्यामुळे, दुष्टतेला अभय. काहीही केले तरी त्याची दैवी शक्ती काढून घेण्याची मुभा सूत्रधाराला (खेळाच्या भाषेत डन्जन मास्टरला) मिळते. बहुतेक ठिकाणी हा पेच नसतो, सापळा असतो, आणि तो मांडणाऱ्याला आपण काही गहन नैतिक प्रश्न उभा केल्याचे समाधान मिळते. माझा आक्षेप या समाधानाला आहे.

पॅलडिन मुळात शार्लमेनचे बारा सरदार. अकराव्या शतकाच्या अखेरीस रचल्या गेलेल्या रोलाँच्या फ्रेंच वीरकाव्यापासून ते युरोपीय साहित्यात वावरत आहेत. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा खेळ प्रसिद्ध झाला आणि १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत पॅलडिन त्यात शिरला, तो पोल अँडरसनच्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ या कादंबरीचा हात धरून. पण वीरकाव्यातला पॅलडिन चुकतो, आणि चुकूनही पॅलडिनच राहतो. रोलाँ अहंकारापोटी वेळेवर शिंग फुंकत नाही, अख्खी पिछाडी कापली जाते, तरी त्याचा आत्मा देवदूतच नेतात. आरिओस्तोचा ओर्लांदो तर प्रेमभंगाने वेडा होऊन रानोमाळ नासधूस करत हिंडतो. त्याची अक्कल बाटलीत भरून चंद्रावरून परत आणावी लागते. त्याचे पद कोणी काढून घेत नाही.

खेळाने मात्र या माणसाला नियमपुस्तिकेत बसवले. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’नुसार त्याने उत्पन्नाचा दहावा हिस्सा दान करायचा, दहापेक्षा जास्त जादुई वस्तू बाळगायच्या नाहीत. जाणूनबुजून नियमबाह्य कृत्य केले तर वरिष्ठ पुरोहितापुढे कबुली देऊन प्रायश्चित्त घ्यायचे. आणि जाणूनबुजून, स्वेच्छेने दुष्कृत्य केले तर पद कायमचे गेले. उरला तो साधा लढवय्या. नीतीचा असा हिशेब मांडला की हिशेबनीस लागतो, आणि हिशेबनिसाला चुका शोधण्याची चटक लागते.

तरीही केवळ सूत्रधाराला दोष देऊन भागणार नाही. पॅलडिनचा खरा प्रश्न त्याच्या शपथेत नसून शपथेबाहेरच्या जगात आहे. रोलाँच्या काव्यात कोण योग्य आणि कोण अयोग्य हे धर्मावरूनच ठरलेले असते. खेळात ते राक्षसांच्या यादीत नावापुढे छापलेले असते. २००५ साली वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देताना गायगॅक्सने शरण आलेल्या शत्रूला ठार करणे पॅलडिनच्या आचाराशी सुसंगत असू शकते असे म्हटले, आणि त्या ओघात लिखांच्या उवा होतात या अर्थाच्या इंग्रजी उक्तीचा आधार घेतला. तिच्यासोबत त्याने कर्नल शिव्हिंग्टनचे नावही घेतले. हा शिव्हिंग्टन मेथडिस्ट धर्मोपदेशक होता. २९ नोव्हेंबर १८६४ रोजी कोलोरॅडोतल्या सँड क्रीक येथे त्याच्या सैन्याने शायान आणि अरापाहो लोकांची कत्तल केली. मेलेल्यांत बहुसंख्य बायका, मुले आणि म्हातारे होते. धर्मोपदेशक, सैनिक आणि लहानग्यांची हत्या: पॅलडिनच्या कोड्यातले सगळे घटक इथे हजर आहेत, फक्त ऑर्क नाहीत. गायगॅक्सला क्रूर ठरवण्याचा माझा हेतू नाही. त्याचे उत्तर त्याच्याच नियमांशी प्रामाणिक होते, आणि मला अस्वस्थ करते ते नेमके हेच.

आपल्याकडच्या वाचकाला इथे कर्णपर्व आठवावे. कर्णाकडून घायाळ होऊन शिबिरात परतलेला युधिष्ठिर संतापून अर्जुनाला म्हणतो, गांडीव दुसऱ्या कोणाला देऊन टाक. असे म्हणणाऱ्याचा शिरच्छेद करीन अशी अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा. तो थोरल्या भावावर तलवार उपसतो. नियमपुस्तिकेतला सूत्रधार इथे हात चोळत बसला असता: प्रतिज्ञा मोड किंवा भाऊ मार. कृष्ण आधी कौशिकाची गोष्ट सांगतो. त्या सत्यव्रती ब्राह्मणाने लुटारूंना खरे सांगितले, माणसे मेली, तो नरकात गेला. मग तोड काढतो: वडीलधाऱ्याला ‘तू’ म्हणणे म्हणजे त्याचा वधच. अर्जुन युधिष्ठिराला अरेतुरे करतो, वाटेल तसे बोलतो, आणि नंतर शरमेने स्वतःचा जीव द्यायला निघतो. तेव्हा आत्मस्तुती म्हणजेच आत्मवध, असे सांगून कृष्ण तेही निभावतो. ही पळवाट आहे, मान्य. पण अर्जुनाची शपथ फुकट जात नाही. भावाभावांत बोलले गेलेले ते शब्द आता परत घेता येत नाहीत. शपथेची किंमत मोजली गेली, ती नात्यात मोजली गेली, आणि कथा पुढे गेली.

खेळाच्या पुढच्या आवृत्त्या दुसऱ्या टोकाला गेल्या. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत पॅलडिन कोणत्याही नैतिक पक्षाचा असू शकतो आणि त्याची शक्ती हिरावली जात नाही. वाद मिटला, आणि पॅलडिन इतरांसारखाच एक झाला. जी शपथ मोडता येत नाही ती घेण्यात काय हशील? २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने नैतिक पक्षाऐवजी निरनिराळ्या शपथा आणल्या, आणि हा मार्ग मला अधिक साहित्यिक वाटतो, कारण शपथ निवडतो तो खेळाडू. सूडाची शपथ घेतलेला आणि निष्ठेची शपथ घेतलेला असे दोघे त्या गुहेच्या तोंडाशी उभे राहिले तर त्यांच्यात भांडण होईल, आणि ते भांडण ऐकण्याजोगे असेल. (२०२४ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये तर ऑर्क होऊनच खेळता येते, तेव्हा गुहेतले ते पोर उद्या पॅलडिन व्हायलाही हरकत नाही.)

संगणकावर मात्र जुना हिशेबनीस पुन्हा अवतरला आहे. २०२३ च्या ‘बॉल्डर्स गेट ३’मध्ये शपथ मोडली की एक काळा चिलखतधारी शूर तळावर येऊन उभा राहतो. तुम्ही शपथभंगी म्हणून पुढे जाऊ शकता, त्या वाटेच्या वेगळ्या शक्ती मिळतात. नाहीतर त्याला सोन्याची नाणी मोजून द्या, शपथ परत मिळते. कशामुळे मोडली, हे तो फारसे विचारत नाही.