गीझरची सुरक्षा-झडप

पाणी तापते आहे, एवढ्यावरून घरातील गीझर निर्धोक आहे असे समजणे योग्य नव्हे. पाणी तापत असता सुरक्षा-झडपेतून थेंब पडू लागले, की काही जण ती गळती समजून झडपेचे तोंडच बंद करतात. हे अज्ञान घातक आहे. पाणी २० अंशांपासून ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापविल्यास त्याचे आकारमान सुमारे पावणेतीन टक्क्यांनी वाढते. म्हणजे २५ लिटरांच्या टाकीत अर्ध्या लिटरहून अधिक वाढ होते. या वाढीमुळे निर्माण होणाऱ्या दाबास वाट देणे, हेच झडपेचे कार्य होय. थर्मोस्टॅट निकामी झाला असता बंद केलेल्या झडपेमुळे टाकी फुटू शकते. पाणी थंड असतानाही गळती चालू राहिली, तर मात्र झडप तपासून घ्यावी.

पोलादी टाकीचा दुसरा रक्षक म्हणजे मॅग्नेशियमची कांडी. ती स्वतः झिजून टाकीस गंजण्यापासून वाचविते. अशा धातुरक्षणाची कल्पना हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांसाठी मांडली होती. कांडी संपली, की गंज टाकीस लागतो. दुष्फेन पाण्यातील क्षारांचे पुट कॉइलवर चढले, तर पाणी उशिरा तापते आणि कॉइल जळण्याचा संभव वाढतो.

यास्तव वर्षातून एकदा वीज बंद करून झडप, कांडी, कॉइल व अर्थिंग यांची तपासणी जाणकाराकडून करून घ्यावी. शाळेत प्रसरण आणि गंजणे हे पाठ शिकविताना शिक्षकांनी गीझरचे उदाहरण अवश्य घ्यावे, असे माझे मत आहे.